जाड पिन, बारीक पिन आणि टाइप-सी

मोबाइलच्या चार्जरचे काम तसे थोडक्यात सांगता येते. खांबावरून घरात आलेल्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेतून फोनला सोसेल अशी, पाच व्होल्टच्या आसपासची दिष्ट वीज तो काढतो. भंडारदऱ्यात ही वीज तयार होतानाही दिसते आणि वापरली जातानाही. तिथले प्रवरेवरचे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले ते शेतीच्या पाण्यासाठी. त्या पाण्यावर १२ मेगावॅटचे वीजकेंद्र चालू व्हायला १९८० चे दशक उजाडले. आता रतनगड किंवा सांदण दरीचा ट्रेक करून जवळच्या शेंडी गावात मुक्कामाला आलेल्या गटात एकाचा चार्जर दुसऱ्याच्या फोनला लागणे नेहमीचेच झाले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ते सहसा जमत नसे.

तेव्हा प्रत्येक कंपनीची पिन निराळी होती. नोकियाची जाड गोल पिन साडेतीन मिलिमीटरची. ३३१० आणि खेडोपाडी लोकप्रिय झालेला टॉर्चवाला ११०० या पिनेवर चालत. २००५ च्या सुमारास नोकियानेच दोन मिलिमीटरची बारीक पिन आणली आणि जुना चार्जर वाया जाऊ नये म्हणून जाड पिनेला जोडायचा एक छोटा तुकडाही काढला. सोनी एरिक्सनचा जोड चपटा, सॅमसंगचा आणखी वेगळा. परगावी चार्जर मागायचा तर आधी ‘जाड पिन की बारीक?’ हे सांगावे लागे. मात्र या गैरसोयीत एक संरक्षणही होते. चुकीचा चार्जर बहुधा फोनमध्ये शिरतच नसे.

हे संरक्षण पहिल्यांदा मोडले चिमट्याच्या चार्जरने. फोनची बॅटरी बाहेर काढायची, तिच्या पितळी पट्ट्यांवर चार्जरच्या दोन सरकत्या तारा नेमक्या टेकवायच्या आणि चिमटा दाबून तो थेट प्लगमध्ये खोचायचा. मग लाल-हिरवे दिवे लुकलुकू लागत. कोणत्याही कंपनीची बॅटरी त्यात बसे, आणि धोका नेमका तिथेच होता. त्या काळची नेहमीची लिथियम-आयन बॅटरी ४.२ व्होल्टला पोचली की चार्जिंग थांबले पाहिजे. ते थांबवणारे सर्किट फोनमध्ये असते आणि इथे तर फोनच बाजूला पडलेला. बॅटरीच्या आतल्या शेवटच्या संरक्षक सर्किटवरच सगळा भरवसा, आणि नकली बॅटरीत तेही असेलच असे नाही. अस्सल बॅटरीही दर वेळी निर्दोष नसे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता. चार्जिंगच्या वेळी आत शॉर्ट सर्किट होऊन त्या तापण्याची शक्यता होती.

२००९ मध्ये युरोपीय आयोगाच्या आग्रहामुळे मोठ्या कंपन्यांनी मायक्रो-यूएसबी हा समान जोड मान्य केला. पिनेइतकाच महत्त्वाचा बदल म्हणजे व्होल्टेज पाचवर स्थिर झाले. व्होल्टेज जुळले की चार्जरवर लिहिलेले अँपिअर जास्त असले तरी भीती नसते, कारण किती प्रवाह घ्यायचा हे फोन ठरवतो. दोन अँपिअरचा चार्जर एक अँपिअर मागणाऱ्या फोनला एकच देतो. उलट अर्ध्या अँपिअरच्या चार्जरवर मोठा फोन तासन्तास रखडतो आणि चार्जर मात्र तापत राहतो.

मग जलद चार्जिंग आले आणि कंपन्या पुन्हा वेगळ्या वाटांनी गेल्या. क्वालकॉमने व्होल्टेज वाढवले, तर ओप्पोने २०१४ मध्ये व्होल्टेज कमी ठेवून प्रवाह वाढवला. या फरकाचा धसका अनेकांनी विनाकारण घेतला. नियमाने बनवलेला चार्जर आधी पाच व्होल्टच देतो. फोनने संकेत दिला तरच पुढे जातो. दोघांची पद्धत जुळली नाही तर फोन हळू चार्ज होतो, एवढेच. २०१४ मध्येच आलेल्या टाइप-सीमध्ये ही बोलणी जोडातच बांधलेली आहेत. भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे मानक २०२३ च्या आरंभी जाहीर केले. युरोपात नव्या फोनना तो जोड २८ डिसेंबर २०२४ पासून सक्तीचा झाला.

पिनेचा प्रश्न असा सुटला, पण चांगला चार्जर आणि वाईट चार्जर बाहेरून सारखेच दिसू लागले. वाईट चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यातले अंतर व आवरण अपुरे असते; ते फुटले तर घरची वीज फोन धरलेल्या हातापर्यंत येऊ शकते. चार्जर दुसऱ्या कंपनीचा असण्यापेक्षा हा दोष कितीतरी गंभीर. म्हणून चार्जरवर मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, तो बीआयएस केअर ॲपवर ताडून पाहता येतो. केबलही तपासावी लागते, कारण तीन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहासाठीच्या टाइप-सी केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असावी लागते. भंडारदरा-घाटघरच्या पावसात आणखी एक पथ्य आहे. भिजलेल्या पोर्टमध्ये, अस्सल असो वा उसना, कोणताच चार्जर लावू नये. ओल्या जोडातून वीज गेली की त्याचे संपर्कबिंदू गंजतात. फोन पोर्ट खाली करून अलगद झटकावा आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबावे.