ऋणाचा आनंद : मुळ्ळपूडी वेंकटरमण

कर्ज ही सामान्य संसारात लज्जेची गोष्ट मानली जाते. देणेकरी दाराशी उभा राहिला की घरातील माणसे आवाज उतरवून बोलू लागतात, आणि धनी घरी नाहीत असे सांगण्यास लहान मुलास बाहेर धाडले जाते. तेलुगू भाषेतील एका लेखकाने मात्र या लज्जेकडे पाठ न फिरविता तिच्याकडे हसून पाहिले आणि आपल्या पुस्तकास नाव दिले ‘ऋणानंदलहरी’. आद्य शंकराचार्यांची ‘शिवानंदलहरी’ ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या नावातील खोडी उलगडून सांगावयास नको. भक्तास जो आनंद शिवचरणी लाभतो, तोच या पुस्तकातील अप्पारावास उसनवारीत लाभतो. तेलुगूत ‘अप्पु’ म्हणजे कर्ज. तेव्हा या गृहस्थाचा व्यवसाय त्याच्या नावातच सामावलेला आहे. हा लेखक म्हणजे मुळ्ळपूडी वेंकटरमण.

रमण यांचा जन्म २८ जून १९३१ रोजी राजमहेंद्रीजवळील धवळेश्वरम् येथे झाला. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८५२ साली पूर्ण केलेल्या धरणामुळे हे गाव प्रसिद्धीस आले. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी येथे समुद्राच्या समीप येऊन विशाल होते, आणि धरणाच्या कालव्यांनी खालचा सारा प्रदेश भाताचे कोठार बनला आहे. परंतु नदी गावास देते म्हणून घरास देतेच असे नाही. रमण यांचे पितृछत्र बालपणीच हरपले, आणि आईबरोबर ते मद्रासेस आले. पुढील सारे आयुष्य बहुतांशी त्याच नगरीत गेले.

त्या काळी तेलुगू वृत्तपत्रांचे व चित्रपटांचे मोठे केंद्र मद्रास हेच होते. १९५३ साली आंध्र राज्य वेगळे झाले; मद्रास मात्र त्याबाहेर राहिली. म्हणजे ज्या लेखकाची तेलुगू गोदाकाठची अस्सल तेलुगू म्हणून वाखाणली गेली, त्याने ती लिहिली तमिळभाषकांच्या शहरात बसून. इंदूर, बडोदे, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. आपला प्रांत दूर राहिला की घरात बोलला जाणारा साधा शब्दही मोलाचा होतो.

मद्रासेतील मैलापूरच्या पी. एस. हायस्कुलात रमण यांना एक स्नेही भेटला. त्याचे नाव सत्तिराजु लक्ष्मीनारायण; जग त्यास ‘बापू’ या नावाने ओळखते. १९४५ साली ‘बाल’ या मुलांच्या मासिकात रमण यांची पहिली गोष्ट आली, तिला चित्र होते बापूंचे. पुढे एकाने लिहावे व दुसऱ्याने रेखाटावे हा क्रम सहा दशकांहून अधिक काळ चालला. दोन्ही कुटुंबे एकाच घरात नांदली, आणि ‘बापू-रमण’ हे तेलुगू मुलखात जणू एकाच माणसाचे नाव होऊन बसले.

रमण यांचे शिक्षण शालेय परीक्षेपलीकडे गेले नाही. पोटासाठी मिळेल ते काम करीत ते १९५०च्या दशकात ‘आंध्रपत्रिके’च्या संपादकवर्गात दाखल झाले. या पत्राचा महाराष्ट्राशी असलेला संबंध ध्यानात घेण्याजोगा आहे. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी ते १९०८ साली मुंबईत साप्ताहिक म्हणून सुरू केले आणि १९१४ साली मद्रासेत दैनिकाच्या रूपाने नेले. याच संस्थेच्या साप्ताहिकातून १९५६-५७ च्या सुमारास रमण यांचा ‘बुडुगु’ वाचकांच्या भेटीस आला.

बुडुगु हा एक लहान मुलगा. आईबापांचा उल्लेख तो खुशाल राधा आणि गोपाळम् असा नावांनी करतो. मोठी माणसे एकमेकांस ज्या नावांनी हाक मारतात तीच आपण का वापरू नयेत, असा त्याचा सरळ न्याय असतो. आजी, काका, शिकवणीचे मास्तर, शेजारची मंडळी यांचे सारे व्यवहार तो आपल्या मापाने जोखतो. तो कोणास हसविण्यासाठी काही बोलत नाही. त्याला जे दिसते ते सांगतो, आणि हसू वाचकास येते. बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाच्या मुखाने मध्यमवर्गीय संसाराची ओढाताण अशीच साळसूदपणे वदविली होती. बुडुगुची भाषा ही तर मुलाच्या तोंडची, व्याकरणास न जुमानणारी. परंतु तिच्यातील प्रत्येक शब्द घरात ऐकलेला आहे. त्यामुळे बुडुगु तेलुगू घराघरांतील एक मूलच होऊन राहिला.

याच लेखणीने थोरामोठ्यांचीही गय केली नाही. ‘राजकीय बेताळ पंचविंशतिका’ या नावाने त्यांनी वेताळपंचविशीच्या जुन्या साच्यात राजकारण बसविले. गुरजाड अप्पाराव यांच्या ‘कन्याशुल्कम्’ या प्रख्यात नाटकातील गिरीशम् या वाचाळ पात्रास त्यांनी चित्रपटांवर व्याख्याने द्यावयास लावले. त्यांच्या उपहासात धार होती, परंतु विष नव्हते.

चित्रपटांची थट्टा करणारा हा लेखक अखेर चित्रपटांतच गेला. १९६२च्या ‘रक्तसंबंधम्’पासून त्यांचे संवाद पडद्यावर येऊ लागले. १९६४च्या ‘मूगमनसुलु’ या गोदावरीवरील नावाड्याच्या कथेच्या लेखनात त्यांचा सहभाग होता. हीच कथा १९६७ साली ‘मिलन’ या हिंदी रूपात सुनील दत्त व नूतन यांनी घरोघर पोहोचविली. त्याच वर्षी बापूंनी दिग्दर्शनात पदार्पण केले. त्यांचा पहिला चित्रपट ‘साक्षी’ रमण यांनी लिहिला. खुनाची साक्ष देणारा एक भोळा नावाडी आणि त्याची स्तुती करून संकटाच्या वेळी तोंड फिरविणारे गाव, हा त्याचा विषय. विनोदी लेखकास भित्रेपणाची ही परीक्षा किती खोलवर समजते, हे त्यात दिसते.

१९७५च्या ‘मुत्याल मुग्गु’मध्ये त्यांनी उत्तररामायणातील सीतेचे दुःख आधुनिक कुटुंबात आणले. निर्दोष पत्नीवर आळ घेणाऱ्या या करुण कथेत लोकांच्या जिभेवर राहिला तो मात्र रावगोपालराव यांनी रंगविलेला कंत्राटदार. क्रूर कृत्ये योजताना तो ज्या रसिकतेने, गोदाकाठच्या संथ बोलीत बोलतो, तिने प्रेक्षकास हसू येते आणि लगेच भीतीही वाटते. त्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका लोकांनी गाण्यांप्रमाणे ऐकल्या. पटकथाकाराचे नाव पडद्यावर क्षणभर येते आणि जाते. शब्द मात्र नटाच्या नावाने नांदतात. रमण यांच्या वाट्यासही हे आले.

उतारवयात त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव ‘कोति कोम्मच्चि’. झाडावर खेळावयाच्या एका खेळाचे हे नाव आहे. आपल्याकडील सूरपारंब्यांची आठवण करून देणारे. आठवणी तशाच या फांदीवरून त्या फांदीवर उड्या घेतात. उपासाचे दिवस, नोकरीचे हेलपाटे, देणी हे सारे त्यात येते. परंतु कोठेही दैवाविरुद्ध फिर्याद नाही. हेच त्यांच्या साऱ्या लेखनाचे मर्म होय. वडील नाहीत, पैसा नाही, आपला प्रांतही जवळ नाही, अशा उणिवांतून वाढलेल्या माणसास कीव नको असते. आपल्या दुःखावर आपणच प्रथम हसलो, तर दुसऱ्यास ते हसणे उरत नाही. आणि मान ताठ राहते.

२४ फेब्रुवारी २०११ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. त्यांचे संवाद असलेला व बापूंनी दिग्दर्शित केलेला ‘श्रीरामराज्यम्’ त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. बापू २०१४ साली गेले. अप्पाराव ज्याचे त्याचे उसने फेडावयाचे टाळीत असे. त्याच्या निर्मात्याने मात्र आपल्या भाषेकडून बालपणी जे उसने घेतले, ते तिला व्याजासह परत केले.