स्लाव्ह भाषांतील वार : ग्रहांऐवजी आकडे

सोमवार चंद्राचा, मंगळवार मंगळाचा, शनिवार शनीचा. वारांची नावे ग्रहांवरूनच पडावीत, हे मराठी माणसाला इतके अंगवळणी पडले आहे की, दुसरी काही पद्धत असेल असे सहसा मनातही येत नाही. फ्रेंच, इटालियन या भाषांतही बव्हंशी हाच प्रकार आहे. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या स्लाव्ह भाषांच्या आठवड्यात मात्र एकाही ग्रहाला जागा नाही.

या नावांची किल्ली रविवारात दडलेली आहे. पोलिशमधील ‘निएजेला’, चेकमधील ‘नेद्येले’, सर्बियन व बल्गेरियनमधील ‘नेदेल्या’ हे सारे एकाच जुन्या शब्दाचे अवतार. ‘ने’ म्हणजे नाही (आपला ‘न’ आणि हा ‘ने’ एकाच कुळातले) आणि पुढचा भाग काम करणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. थोडक्यात, काम न करण्याचा दिवस. सोमवार हा ‘पोनेदेल्निक’, म्हणजे त्या सुट्टीच्या दिवसानंतरचा. त्यापुढे सरळ मोजणी सुरू होते. रशियनमधील मंगळवार ‘व्तोर्निक’ म्हणजे दुसरा, गुरुवार ‘चेत्वेर्ग’ म्हणजे चौथा, शुक्रवार ‘प्यात्नित्सा’ म्हणजे पाचवा. संस्कृतमधील ‘चत्वारः’ आणि ‘पञ्च’ यांचे हे दूरचे नातलग.

बुधवारी मात्र हिशेब चुकतो. तो ‘तिसरा’ असायला हवा. प्रत्यक्षात त्याचे नाव ‘स्रेदा’, म्हणजे मधला. पण सोमवारपासून मोजले तर मधला वार गुरुवार ठरतो. बुधवार मध्यावर येण्यासाठी आठवडा रविवारी सुरू व्हावा लागतो. एकाच आठवड्यात दोन मोजण्या नांदत आहेत त्या अशा! शेजारच्या जर्मन भाषेतही बुधवारचे नाव ‘आठवड्याचा मध्य’ अशा अर्थाचेच आहे, आणि स्लाव्ह नाव त्याच्याच वळणावर बेतलेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. शनिवारचे ‘सुब्बोता’ वा ‘सोबोता’ हे ज्यूंच्या ‘शब्बाथ’वरून, ख्रिस्ती धर्माच्या वाटेने आले.

रशियनमध्ये आणखी एक उलथापालथ झाली. तिथे ‘नेदेल्या’चा अर्थ आठवडा असा झाला आणि रविवारला ‘वोस्क्रेसेन्ये’ हे नाव मिळाले, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावरून. टॉलस्टॉय यांच्या १८९९ मधील ‘पुनरुत्थान’ या कादंबरीचे मूळ नाव याच शब्दाचे, जेमतेम एका अक्षराच्या फरकाने. त्यामुळे रशियन शिकून बल्गेरियात गेलेल्याची फसगत ठरलेली. ‘नेदेल्या’ ऐकून तो आठवड्याचा विचार करील आणि समोरचा रविवारी त्याची वाट पाहत बसेल. बल्गेरियनमध्ये आठवड्याला ‘सेद्मित्सा’ म्हणतात, सातावरून. पोलिश ‘तिजेन्य’ आणि चेक ‘तीदेन’ या शब्दांचा मूळ अर्थ ‘तोच दिवस’. तोच वार फिरून आला की आठवडा भरला.

ही नावे शेजाऱ्यांनीही उचलली. हंगेरियन ही स्लाव्ह भाषा नव्हे, तरी तिच्यातील बुधवार ते शनिवार ही चारही नावे स्लाव्हांकडून आलेली आहेत. उलट जर्मनीत अठराव्या शतकात लोप पावलेल्या पोलाबियन या स्लाव्ह बोलीत गुरुवार हा पेरुन या मेघगर्जनेच्या देवाचा दिवस होता. जर्मन गुरुवारही गर्जनेचाच, त्यामुळे हे नाव तिकडून भाषांतरित झालेले दिसते.

रविवार नावाचा दिवसच नको, असा प्रयोग सोव्हिएत सरकारने करून पाहिला. कारखान्यांतील यंत्रे अखंड चालावीत म्हणून १९२९ मध्ये पाच दिवसांचा आठवडा आला. कामगारांचे पाच गट पडले आणि प्रत्येक गटाची सुट्टी निराळ्या दिवशी. पती-पत्नींचे गट वेगळे असले, तर दोघांना एकत्र सुट्टी मिळेना. सुट्टीला घरी कोणी नसेल, तर तिचा उपयोग काय, ही कुरकुर त्या काळीही उमटली होती. १९३१ च्या अखेरीस सहा दिवसांचा आठवडा आला. त्यात महिन्याच्या ६, १२, १८, २४ आणि ३० तारखेला सर्वांना सुट्टी असे आणि दिवसांना नावांऐवजी क्रमांक असत. खेड्यापाड्यांत जुने वार चालूच राहिले. अखेर जून १९४० च्या हुकुमाने सात दिवसांचा आठवडा परतला आणि त्याबरोबर रविवारची सुट्टीही. मात्र परवानगीवाचून नोकरी सोडण्यास कामगारांना बंदी करण्यात आली, तीही त्याच हुकुमाने.