लेखनिक नावाचा बँड : मुंबईच्या 'स्क्राइब'ची गोष्ट

(1)
कोपरगाव-संगमनेर पट्ट्यातील जुन्या तमाशारसिकांच्या आठवणीत वग पहाटेपर्यंत रंगत असे. पुढे रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम आला आणि जत्रेतील रात्र आखूड झाली. त्याच नियमावलीने मुंबईतील रॉक संगीताचे सर्वांत मोठे घरही बंद केले. त्या घराच्या पडझडीनंतर उभ्या राहिलेल्या 'स्क्राइब' या बँडची वाटचाल आज पाहू.

(2)
आधी संगीतप्रकाराविषयी. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील तरुणांनी पंक संगीताला अधिक वेग दिला. गाणी मिनिट-दीड मिनिटांची, वाद्ये कर्कश, गायन म्हणजे जवळजवळ आरोळीच. याला 'हार्डकोर' म्हणत. काही वर्षांतच ही चौकट त्यांनाच अपुरी वाटू लागली. आवेश तोच राखून लय मोडणे, शांत भागानंतर एकाएकी स्फोट घडवणे, गाणे लांबवणे असे प्रयोग सुरू झाले. त्यातून 'पोस्ट-हार्डकोर' घडले.

(3)
या प्रवाहातील सर्वांत प्रभावी बँडांपैकी एक म्हणजे वॉशिंग्टनचा 'फुगाझी'. त्याचा पहिला कार्यक्रम 3 सप्टेंबर 1987 रोजी झाला. तिकीट शक्यतो पाच डॉलर, प्रवेशाला वयाची अट नाही, ध्वनिमुद्रिका 'डिस्कॉर्ड' या स्वतःच्या वर्तुळातील छोट्या संस्थेकडून. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाविना हा बँड 2002 पर्यंत चालला. त्याने आणखी एक काम केले, ज्याकडे आपण शेवटी वळू.

(4)
मुंबईत रॉकची परंपरा होतीच. 1984 मध्ये 'रॉक मशीन' हा बँड स्थापन झाला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर ही त्यातील ठळक नावे. इतरांच्या गाण्यांच्या नकला करण्याच्या काळात या बँडने स्वतःची इंग्रजी गाणी रचली आणि 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. 1993 मध्ये त्याने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले.

(5)
या पिढीचे घर म्हणजे धोबीतलावचे रंगभवन. हे खुले नाट्यगृह सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी, तर कामा आणि जी.टी. ही रुग्णालये तेथून जवळच. 1978 पासूनची 'जॅझ यात्रा' येथे गाजली. 1986 मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाचेही हेच माहेर. महाविद्यालयीन मुलांना परवडणाऱ्या तिकिटात हजारोंना सामावून घेणारी अशी जागा शहरात दुसरी नव्हती.

(6)
फेब्रुवारी 2000 मध्ये केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियम लागू केले. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकावर बंदी. रुग्णालय, शिक्षणसंस्था व न्यायालय यांच्या भोवतालचा 100 मीटरचा परिसर शांतताक्षेत्र ठरू लागला. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची तरतूद पुढे झाली, परंतु शांतताक्षेत्रात सापडलेल्या रंगभवनाला तिचा उपयोग नव्हता. तेथील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. रुग्णाची झोप ही क्षुल्लक बाब नव्हे, त्यामुळे नियमाला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. चूक पर्यायी जागा न देण्यात होती.

(7)
अशा बेघर काळात, 2005 च्या सुमारास, 'स्क्राइब' उभा राहिला. गायक विश्वेश कृष्णमूर्ती, गिटारवर अक्षय राजपुरोहित आणि प्रशांत शहा, बास गिटारवर श्रीनिवास सुंदरराजन. संगीत हार्डकोर, मेटल आणि पोस्ट-हार्डकोर यांच्या सीमेवरचे. 'कन्फेक्ट' (2008), 'मार्क ऑफ तेजा' (2010) आणि 'हेल मोगॅम्बो' (2014) हे त्याचे तीन अल्बम.

(8)
शीर्षके नीट पाहा. तेजा हा 'अंदाज अपना अपना' (1994) मधील परेश रावल यांनी रंगवलेला खलनायक. त्याच्या अंगावरची खूण हा त्या चित्रपटातील प्रसिद्ध विनोद. मोगॅम्बो हा 'मिस्टर इंडिया' (1987) मधील अमरीश पुरींचा. एका गाण्याच्या नावात तर थेट पावभाजीवरचे प्रेम आहे. पाश्चात्त्य संगीत 'भारतीय' करायचे म्हणजे सतार किंवा तबला जोडायचा, अशी समजूत रूढ होती. या मंडळींनी तो मार्ग सोडला आणि दूरदर्शन-केबलवर वाढलेल्या पिढीची थट्टा संगीतात आणली.

(9)
मंचावर दोन गाण्यांच्या मधली जागाही ते विनोदाने भरत. तमाशा पाहिलेल्याला येथे बतावणीची आठवण व्हावी. सोंगाड्याचा संबंध येथे दाखवायचा नाही. दोन्ही परंपरा परस्परांना अनोळखीच. परंतु समोरच्या गर्दीला आपलेसे केल्याशिवाय रात्र उभी राहत नाही, हे ज्ञान दोन्हीकडे सारखे आहे.

(10)
मग हे संगीत वाजे कोठे? काही अंशी गिरण्यांत. जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरणगाव ओसरले आणि त्या जमिनींवर उपाहारगृहे, क्लब आले. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 च्या अखेरीस 'ब्लू फ्रॉग' सुरू झाला; 2016 मध्ये तो बंद पडला. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी ज्या वस्तीने ऐकली, तेथे आता पेयाच्या बिलासह रॉक ऐकू येऊ लागला. रंगभवनाचा विद्यार्थी-प्रेक्षक या दारातून सहज आत येऊ शकत नव्हता. पुण्यात 2010 पासून भरू लागलेल्या 'एनएच7 वीकेंडर'सारख्या महोत्सवांनी खुला मंच पुन्हा दिला, पण तो वर्षातून एकदा.

(11)
तमाशाचा फड सुपारीवर आणि तिकिटावर जगतो. कलावंताचे पोट त्यावरच असते. मुंबईच्या बँडला तेवढाही आधार नव्हता. सुंदरराजन यांनी सुमारे 40,000 रुपयांत 'द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट' हा चित्रपट केला. कृष्णमूर्ती यांनी 2011 मध्ये सुरू झालेल्या 'द ड्युअरिस्ट्स' या संगीतमालिकेचे दिग्दर्शन केले. चरितार्थाचे काम वेगळे आणि संगीत वेगळे, अशा दुहेरी आयुष्यात बँड टिकतो तो जिद्दीवर. 2014 नंतर 'स्क्राइब'चे कार्यक्रम विरळ होत गेले.

(12)
आता 'फुगाझी'कडे परत. या बँडने आपल्या सुमारे हजार कार्यक्रमांपैकी 800 हून अधिक ध्वनिमुद्रित करून ठेवले आणि 2011 पासून ते लोकांसाठी खुले केले. कोणत्या रात्री, कोणत्या गावी काय वाजले, हे आज ऐकता येते. असा संग्रह म्हणजे इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन. त्यासाठी फार पैसा लागला नाही. प्रत्येक रात्र जपण्याजोगी आहे, ही जाणीव लागली.

(13)
'स्क्राइब' या शब्दाचा अर्थ लेखनिक. त्याच्या मागे तीन अल्बम आहेत, आणि प्रेक्षकांनी भ्रमणध्वनीवर टिपलेल्या तुटक चित्रफिती. परंतु अशा बँडचे खरे काम स्टुडिओत घडत नाही. ते गर्दीसमोर घडते. फडांचेही तसेच. गाजलेल्या लावण्यांच्या तबकड्या मिळतात, पण जत्रेतील संपूर्ण रात्र, तिची बतावणी आणि वग, बहुतेक वेळा ऐकणाऱ्याबरोबरच संपते.

(14)
पेशव्यांच्या दफ्तरातील खर्चाची यादी आपण भिंगाखाली वाचतो. 20 वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचे तिकीट, हस्तपत्रक किंवा कॅसेट मात्र रद्दीत जाते. घरात, माळ्यावर, जुन्या संगणकात असे काही असेल, तर त्यावर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे. लेखनिकाचे काम तेवढ्यानेच सुरू होते.

(समाप्त)