वतन नसलेले सुतार

मार्काच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, नाझरेथचे लोक येशूचे बोलणे ऐकून एकमेकांना विचारतात, की हा आपला सुतारच ना? मूळ ग्रीक शब्द 'टेक्टोन' आहे आणि संस्कृतातला 'तक्षन्' त्याचा भाऊबंद. नाझरेथकरांच्या प्रश्नात हेटाळणी आहे. पण हे वाक्य मराठीत आले आणि दख्खनच्या खेड्यात वाचले गेले, तेव्हा त्यातली हेटाळणी निम्मी गळून पडली असावी असे मला वाटते. कारण आपल्याकडे सुतार म्हणजे विश्वकर्म्याचा वंशज आणि बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला मानकरी. नांगर त्याचा, गाडीचे चाक त्याचे, खळ्यावर धान्याचा वाटाही त्याचा. मिशनने ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांतले बहुतेक याच खेड्यातल्या महारवाड्यातून आलेले होते. तेव्हा महाराच्या मुलाच्या हाती रंधा देणे म्हणजे त्याला हलके काम शिकवणे नव्हते. गावाच्या दृष्टीने ती आगळीक होती.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे झाले. पहिली पन्नास वर्षे शिक्षण म्हणजे वाचन, लेखन आणि शास्त्र. शिकलेल्या मुलाने शिक्षक व्हावे किंवा उपदेशक. पण दोन्ही जागा मिशनच्याच पगाराच्या आणि त्या मोजक्या. मुले वाढत गेली तशी अडचण उघडी पडली. रेव्हरंड जेम्स स्मिथ यांच्या देखरेखीखालच्या नगरच्या मिशन हायस्कूलला जोडून औद्योगिक शाळा उभी राहिली ती याच गरजेतून. तिला नाव मिळाले मुंबईचे पारशी गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांचे. ख्रिस्ती पाद्र्यांची शाळा, पारशी दात्याचे नाव आणि बाकांवर महार-मांगांची मुले, असा तो मेळ. शिरूरला रेव्हरंड विन्सर यांनी याच धर्तीवर शाळा चालवली. तिथे लाकूडकामाशिवाय घायपाताचा वाखही काढत. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळाने मिशनच्या पदरात अनाथ मुले टाकली आणि हातकामाचे शिक्षण ही हौस राहिली नाही.

नवख्या मुलाला तिथे काय शिकायचे होते, ते जरा थांबून पाहण्यासारखे आहे. आपला जुना सुतार जमिनीवर बसून काम करतो. लाकूड पायाच्या अंगठ्यांनी धरतो, वाकसाने तासतो, आणि त्याची जुनी करवत ओढताना कापते. पाश्चात्त्य पद्धतीच्या कार्यशाळेत मुलगा कमरेएवढ्या उंच ओट्याशी उभा राहतो. लाकूड शेगड्यात आवळतो आणि करवत पुढे ढकलताना कापतो. आधी कागदावर आकृती, मग फळीवर गुण्याने रेघ, मग करवत, शेवटी पटाशी. माप इंचाचे, वीत आणि अंगुळ नाहीत. सुताराचा पोर हे सगळे बापाच्या बाजूला बसून, कोणी काही न सांगता, दहा वर्षांत उचलतो. शाळेला ते दोन-तीन वर्षांत शब्दांनी शिकवायचे होते. म्हणून काम तुकड्यांत मोडावे लागले: सरळ कापणे, काटकोन साधणे, खाच पाडणे, खाचेत जीभ बसवणे, आणि मगच एखादा चौरंग.

हुन्नर आला, पण वतन कुठून आणायचे? त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नगरकडच्या खेड्यांचा त्यांचा अनुभव त्यात भरलेला आहे. ते वाचताना एक गोष्ट लख्ख दिसते: सुताराला धान्य मिळते ते त्याच्या एका नांगराचे मोल म्हणून नव्हे, त्या गावचा सुतार तो आहे म्हणून. हक्क घराण्याचा असतो. मिशनमध्ये शिकलेला मुलगा कितीही सफाईदार सांधा करो, त्याच्या गावात त्याला गिऱ्हाईक नव्हते. जिथे वतन विचारत नाहीत अशा ठिकाणीच त्याची गरज होती. रेल्वेचे कारखाने, सरकारी बांधकाम, मुंबईतल्या फर्निचरच्या वखारी ही ती ठिकाणे. शाळेने त्याला गावात उभे करण्यासाठी शिकवले आणि शिक्षणानेच त्याला गावाबाहेर काढले. याला मिशनचे अपयश म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्याला गाव सुटल्याचे दुःख किती असणार?

कोकणात चित्र वेगळे. देशावरच्या मानाने इथे बलुत्याची घडी सैल, सत्ता खोताची. आमच्या रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत 'स्कूल ऑफ इंडस्ट्री' होती. तिथे सुतारकाम आणि लोहारकाम शिकवत. ती मिशनची नव्हती. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन रत्नागिरीत १८७३ मध्ये आले. त्याच मिशनच्या सांगलीच्या वसतिगृह शाळेत मुलांना लाकूड आणि लोखंड दोन्ही हाताळायला मिळाले. पुढे जॉन गोहीन यांनी त्या शाळेचा भर शेतीवर नेला.

मिशनच्या कारखान्याची खरी खूण मात्र आमच्या डोक्यावर आहे. बासेल मिशनने १८३४ मध्ये मंगळुरात काम सुरू केले आणि १८६५ मध्ये तिथे कौलांचा कारखाना काढला. धर्मांतरित माणसांना जात आणि तिच्याबरोबर पोटाचा धंदाही गमवावा लागे, म्हणून हा खटाटोप. ती मंगलोरी कौले कोकणभर आली. नळीची कौले वाकड्यातिकड्या बांबूवरही निभावतात. मंगलोरी कौल मागच्या बाजूच्या खुंटीने रिपेला अडकते, म्हणून दोन रिपांमधले अंतर आढ्यापासून पागोळीपर्यंत एकसारखे लागते. पाव इंचाची चूक खाली येईपर्यंत वितीएवढी होते. पट्टीने मापून काम करण्याची शिस्त आमच्या सुतारांत या कौलांनीही आणली. शाळेत न जाता ते ती शिकले.

राहिला दुसरा प्रश्न: लाकूडकाम धंद्यासाठी शिकवायचे की शिक्षणासाठी? फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेऊस यांच्या आग्रहाने १८६६ मध्ये हातकाम प्राथमिक शाळांत सक्तीचे झाले. स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमोन यांनी त्याची पद्धत बांधली. तिला 'स्लॉइड' म्हणतात. सुरुवात चाकूने, सोप्याकडून अवघडाकडे, प्रत्येक वस्तू घरात उपयोगी पडणारी, आणि शिकवणारा कारागीर नव्हे तर शिक्षक. मुलगा सुतार होणार नाही हे तिथे गृहीतच होते. आपल्या मिशनशाळांना ही चैन परवडली नाही. अनाथ मुलाला उद्या भाकरी हवी होती. परिणाम असा, की हायस्कूलचा हुशार मुलगा इंग्रजीच्या वर्गात राहिला आणि अभ्यासात मागे पडलेला कार्यशाळेत गेला. आजही आपल्या शाळांत ही विभागणी तशीच आहे आणि तिचा दोष पाद्र्यांवर टाकून आपण मोकळे होतो, हे मला पटत नाही. हातकामाला कमी लेखायला आपल्याला कोणी परदेशी शिकवायला आले नव्हते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हा प्रश्न उलटा मांडला: हस्तोद्योग शाळेच्या कडेला नको, मध्यभागी हवा, आणि तो सगळ्यांना. झाकिर हुसेन समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत कताई-विणाईबरोबर सुतारकामही होते. सेवाग्रामला हे काम प्रत्यक्ष चालवायला आशादेवींबरोबर जे पुढे आले ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम्, सिलोनचे तमिळ ख्रिस्ती.  त्या शाळेत भंगीकामाची पाळी सगळ्यांनाच होती.