जखमेतील जंतूंची बखर

गतवर्षी ऐन दिवाळीत माझ्या थोरल्या बंधूंच्या पोटाचे ऑपरेशन झाले. ते उत्तम पार पडले. पण टाक्यांपाशी पू धरला आणि चार दिवसांचा मुक्काम महिन्यावर गेला. प्रयोगशाळेच्या कागदावर औषधांची नावे ओळीने होती आणि बहुतेकांपुढे एकच शेरा : उपयोग नाही. फराळाचा डबा मांडीवर ठेवून मी तो कागद वाचीत होतो. पेनिसिलिनला आमचे वडील अमृत म्हणत. १९५५ साली पिंपरीच्या कारखान्यातून ते निघू लागले, तेव्हाचा त्यांचा आनंद मला आठवला. त्या अमृताचे असे का व्हावे?

धुंडाळू लागलो तेव्हा कळले की, धोक्याची घंटा फार आधी वाजली होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचण्यात आले. चेहरा जंतूंनी पोखरलेला तो माणूस चार दिवसांत उठून बसला. मग औषध संपले. त्याच्या लघवीतून गाळून पुन्हा टोचले, तेही पुरले नाही आणि मार्चमध्ये तो गेला. गंमत अशी की, काही जंतू पेनिसिलिनचा नाश करणारा रस स्रवतात, हे त्याच ऑक्सफर्डच्या अब्राहम व चेन यांनी आदल्याच डिसेंबरात छापले होते!

पुढे लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात मेरी बार्बर या विदुषीने रोग्यांच्या अंगावरील स्टॅफिलोकॉकस जंतूंची मोजदाद मांडली. पेनिसिलिनला दाद न देणारे १९४६ साली शेकडा १४ होते, १९४७ साली ३८ आणि १९४८ साली ५९. औषधाने जंतूंना नवी विद्या शिकविली असे नव्हे. पीठ चाळले की कोंडा मागे राहतो, तसे दुबळे मेले, चिवट तेवढे उरले; आणि हॉस्पिटलातल्या माणसांच्या हातांनी ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेले.

त्यांच्यावर तोड म्हणून मेथिसिलिन निघाले. १९६१ साली पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी पाच हजारांवर नमुने तपासून त्यालाही न जुमानणारे तीन जाहीर केले. त्यांतला एक, मूत्रपिंड काढलेल्या रोग्याच्या जखमेतला होता.

परंतु ही बखर केवळ पराभवाची नाही. बार्बरबाईंनी आपल्या हॉस्पिटलात पेनिसिलिनच्या सढळ वापराला आवर घातला, संसर्ग पसरू नये म्हणून काळजी घेतली आणि १९६० साली जाहीर केले, की चिवट जंतूंचे प्रमाण उतरले आहे. संयमाचे फळ आकड्यांत दिसले.

आमच्या बंधूंना लागू पडणारे औषध अखेर सापडले. खाटेपाशी येणारी परिचारिका दर वेळी आधी हात धुई. मला वाटे, ही उगाच वेळ घालविते. घरी परतल्यावर मी माझा खण उघडला. त्यात अर्धवट घेऊन सोडलेल्या कॅप्सूलची तीन पाकिटे निघाली. त्यांतले एक तर साध्या पडशासाठी मी आपल्याच मनाने दुकानातून आणले होते.