ड्रम नाही, तरी ठेका कसा? जिप्सी जॅझमधल्या 'ला पाँप'ची गोष्ट

गिटारचे रील बघायची सवय असेल, तर जिप्सी जॅझ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलंच असेल. अंडाकृती छिद्राची गिटार, भन्नाट वेगात पळणारी बोटं आणि मागे सतत चालू असलेला 'छक-छक' आवाज. आपलं सगळं लक्ष सोलो वाजवणाऱ्याकडे असतं. पण नीट ऐकलं तर लक्षात येतं, की या बँडमध्ये बहुतेक वेळा ड्रमच नसतो. मग ठेका कोण धरतं?

उत्तर आहे, शेजारी बसलेला दुसरा गिटारवादक. त्याच्या वाजवण्याच्या पद्धतीला 'ला पाँप' म्हणतात. फ्रेंच भाषेत याचा अर्थ पंप. हात पंपासारखा सारखा खाली-वर होतो, म्हणून हे नाव.

सुरुवात कुठे झाली?

१९३४ मध्ये पॅरिसमध्ये 'क्विंटेट ऑफ द हॉट क्लब ऑफ फ्रान्स' हा पाच जणांचा बँड उभा राहिला. जँगो राइनहार्ट सोलो गिटारवर, स्टेफान ग्रापेली व्हायोलिनवर आणि लुई व्होला डबल बासवर. उरलेले दोघे रिदम गिटारवर: जँगोचा भाऊ जोसेफ राइनहार्ट आणि रॉजे शापू.

दोन रिदम गिटार का? याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. ग्रापेली सोलो वाजवायचा तेव्हा त्याच्या साथीला दोन गिटार असायच्या. जँगोची पाळी आली की एकच उरायची. हे जँगोला खटकलं आणि आणखी एक गिटार आली. किस्सा कितीही रंगवलेला असला, तरी मुद्दा खरा आहे. ड्रम नसलेल्या बँडमध्ये साथीची एक गिटार कमी झाली तरी सोलोखालची जमीन हलते.

उजवा हात काय करतो?

गाणं चार मात्रांचं आहे असं धरा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला स्ट्रोक हलका असतो आणि त्यात जाड तारा जास्त ऐकू येतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला सगळ्या तारांवर झटक्यात स्ट्रोक बसतो आणि आवाज लगेच तोडला जातो. 'छक' ऐकू येतो तो इथे. आपल्याला समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, जोर द्यायची सवय असते. त्यामुळे हा उलटा वाटणारा जोर सुरुवातीला गोंधळात टाकतो.

बरेच वादक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेच्या अगदी आधी एक पुसटसा वरचा स्ट्रोकही घेतात. तो वेगळा ऐकू यायला नको. त्याने फक्त पुढच्या मात्रेला धक्का मिळतो. या स्ट्रोकचं प्रमाण प्रत्येक वादकागणिक बदलतं.

हे सगळं मनगटातून येतं. पेटलेली काडी विझवताना आपण मनगट जसं झटकतो, तशी ही हालचाल असते. पंजा गिटारवर टेकवायचा नाही आणि पिक जाड, कडक घ्यायचं.

खरी गंमत डाव्या हातात

आवाज काढायचं काम उजव्या हाताचं, तो थांबवायचं काम डाव्या हाताचं. कॉर्ड वाजला की डाव्या हाताची बोटं सैल होतात, पण तारांवरून उठत नाहीत. तार फ्रेटपासून सुटते, बोट तिला चिकटून राहतं आणि आवाज जागीच बंद होतो. ड्रमसारखा परिणाम येतो तो या तोडलेल्या आवाजामुळे.

म्हणूनच इथे मोकळ्या तारांचे कॉर्ड फारसे चालत नाहीत. मोकळ्या तारेवर बोटच नसतं, मग ती बंद कशी करणार? त्याऐवजी तीन-चार तारांचे बंद आकार वापरतात. उदाहरणार्थ, ए मायनर सिक्स्थ: सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथ्या तारेवर चौथा, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर पाचवा. पाचवी आणि पहिली तार गप्प. जँगो आणि ग्रापेलीच्या १९३७ च्या 'मायनर स्विंग'ला साथ करायला हा आकार कामी येतो.

सिक्स्थ, मायनर सिक्स्थ आणि नाइन्थ हे कॉर्ड या शैलीत खूप दिसतात. १९२८ मध्ये जँगोच्या कॅरॅव्हॅनला आग लागली आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं जवळपास निकामी झाली. सोलो तो उरलेल्या दोन बोटांनीच वाजवायचा. कॉर्ड धरताना मात्र जखमी बोटांचाही थोडाफार वापर करायचा. या शैलीतल्या कॉर्डच्या आकारांमागे तेही एक कारण मानलं जातं.

गिटारही वेगळी

जँगोच्या नावाशी जोडली गेलेली गिटार म्हणजे सेल्मर. मारिओ माकाफेरी यांनी डिझाइन केलेली ही गिटार १९३२ मध्ये बाजारात आली. स्टीलच्या तारा, मोठा आणि धारदार आवाज, पण तो फार वेळ रेंगाळत नाही. गर्दीच्या हॉलमध्ये ऐकू जायला आणि 'छक' तोडायला हेच हवं असतं.

'जिप्सी' म्हणावं की नाही?

जँगो मनूश समाजातला होता. फ्रान्समध्ये या संगीताला 'जॅझ मनूश' म्हणतात. 'जिप्सी' हा शब्द बाहेरच्यांनी दिलेला आहे आणि अनेक रोमा लोकांना तो अपमानास्पद वाटतो. 'मनूश' मात्र त्यांच्याच भाषेतला आहे. अर्थ? माणूस. रोमानी भाषेची मुळं भारतात असल्यामुळे हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटतो. रोमानीत पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान'च म्हणतात.

मनूश कुटुंबांमध्ये हे संगीत नोटेशनपेक्षा ऐकून आणि बघून शिकलं जातं. मुलं सहसा आधी साथ शिकतात. मोठ्यांच्या सोलोमागे ठेका धरता धरता गाणी, कॉर्ड आणि वेळेचं भान अंगात मुरतं. आजही काही वादक मुख्यतः साथीसाठीच नावाजले जातात. रोझेनबर्ग ट्रिओमधला नुश रोझेनबर्ग आणि बिरेली लाग्रेनला साथ करणारा होनो विंटरश्टाइन ही त्यातली मोठी नावं.

शिकायचं असेल तर?

- मेट्रोनोम निम्म्या वेगावर लावा. गाणं १२० च्या लयीत असेल तर मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि त्याचा टोला दुसरी-चौथी मात्रा समजा.
- सुरुवातीला वरचा स्ट्रोक सोडून द्या. फक्त खालचे चार स्ट्रोक सारख्या वेळाने पडू द्या.
- एकच कॉर्ड धरून पाच मिनिटं वाजवा आणि रेकॉर्ड करा. ऐकताना दोनच गोष्टी तपासा: वेग वाढतोय का आणि आवाज वेळेवर तुटतोय का.
- सोलो वाजवणाऱ्याचा आवाज तुमच्या गिटारखाली दबत असेल, तर तुम्ही फार जोरात वाजवताय.

पुढच्या वेळी असा रील आला, की एकदा सोलोकडे दुर्लक्ष करून फक्त मागची गिटार ऐका. ती थांबली असती तर पुढच्याची बोटं कशाच्या भरवशावर पळाली असती, ते लगेच कळेल.