मिशनच्या जागेवर सही कुणाची? चर्चच्या राष्ट्रीय संस्थेतला विश्वस्त काय करतो, समजून घ्या

आपल्याकडे बऱ्याच गावांत मिशन कंपाउंड आहे. त्यात चर्च, शाळा, पाळकसाहेबांचं घर, कुठं दवाखाना आणि कडेला दफनभूमी. मंडळीची माणसं पिढ्यान् पिढ्या तिथं प्रार्थनेला जातात, वर्गणी काढून पत्रे बदलतात. पण सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढला तर त्यावर गावच्या मंडळीचं नाव नसतं, असं पुष्कळदा दिसतं. नाव असतं दूरच्या शहरातल्या ट्रस्टचं. त्या ट्रस्टवर बसलेली माणसं म्हणजे विश्वस्त. त्यांच्या सहीवर गावच्या जागेचं पुढं काय होणार ते ठरतं. म्हणून हे पद नेमकं काय आहे, हे गावातल्या माणसालाही माहीत पाहिजे.

संस्थेची रचना

उदाहरण म्हणून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय घेऊ. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळी चर्च एकत्र आली आणि ही संस्था उभी राहिली. नगर भागात १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या आधी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात होत्या. ते चर्चही या सहांत होतं.

सीएनआयचा कारभार तीन पायऱ्यांवर चालतो. खाली पास्टोरेट, म्हणजे गावची मंडळी आणि तिची कमिटी. त्यावर डायोसिस, तिचा प्रमुख बिशप. सगळ्यात वर सिनॉड, त्याचं कार्यालय नवी दिल्लीत. सिनॉडची साधारण सभा तीन वर्षांनी भरते. तिथं बिशप आणि पाळक असतात, तसे साधे सभासदही प्रतिनिधी म्हणून जातात.

मालमत्ता सांभाळण्यासाठी वेगळी संस्था आहे: चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ट्रस्ट असोसिएशन. ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली आहे. पण सगळीच मालमत्ता तिच्या नावावर नाही. काही ठिकाणी डायोसिसचा ट्रस्ट आहे, काही ठिकाणी जुन्या मिशनचाच ट्रस्ट अजून उताऱ्यावर आहे.

प्रतिनिधी वेगळा, विश्वस्त वेगळा

सभेला गेलेला प्रतिनिधी आपल्या भागाचं म्हणणं मांडतो. विश्वस्ताचं तसं नाही. त्याला कुणीही निवडून दिलेलं असो, खुर्चीत बसल्यावर तो एका गावाचा किंवा एका गटाचा राहत नाही. ट्रस्ट ज्या कामासाठी केला, त्या कामाचा तो राखणदार असतो. आपल्या डायोसिसला फायदा होतो पण ट्रस्टचं नुकसान होतं, अशा ठरावावर त्यानं हात वर करायचा नसतो.

शेतकऱ्याला हे पटकन समजेल. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. नाव चुलत्याचं दिसतं, व्यवहार तो बघतो, पण जमीन पोराची असते. विश्वस्ताची जागा तीच. कागदावर नाव आहे म्हणून तो मालक होत नाही.

विश्वस्ताची कामं

• मालमत्तेची यादी, उतारे, करारनामे आणि कर भरल्याच्या पावत्या जागेवर ठेवणं.
• दरवर्षी हिशेब तपासून घेणं. ऑडिटरनं काढलेल्या चुकांवर काय केलं, ते विचारणं.
• सभेचं इतिवृत्त वाचूनच सही करणं. ठराव पटला नाही तर विरोध इतिवृत्तात लिहून घेणं. गप्प बसलं की संमती धरली जाते.
• ज्या व्यवहारात आपला किंवा नातेवाइकाचा संबंध आहे, तो आधी सांगणं आणि त्या विषयात मतदान न करणं.

परदेशातून येणाऱ्या देणगीचे नियम वेगळे आणि कडक आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, आणि मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला वळती करता येत नाही. वरून पैसे आले पण आमच्या शाळेला का दिले नाहीत, असं गावात विचारतात. शाळा वेगळ्या नोंदणीची असेल तर कारण हेही असू शकतं.

जागा विकायची झाली तर

महाराष्ट्रात नोंदलेल्या ट्रस्टला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा लागतो. त्याच्या कलम ३६ प्रमाणे जागा विकायला, बदलून द्यायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची असली तरी मंजुरी लागते. व्यवहारात ट्रस्टचं हित आहे का, हे आयुक्त बघतात. विश्वस्त बदलले तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो.

नुसत्या ठरावानं सगळं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालात दिसतं. गुजरातमधलं फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरन सीएनआयमध्ये विलीन झालं, असा ठराव झाला होता. न्यायालयानं सांगितलं की संस्था नोंदणी आणि विश्वस्त कायद्यातली प्रक्रिया पाळलेली नाही, त्यामुळं ठराव पुरेसा नाही. एकत्र यायचं मन असलं तरी मालमत्तेचा कागद कायद्याच्या वाटेनंच फिरतो. त्या कागदापायी लोक कितीतरी वर्षं कोर्टात अडकले.

गावच्या मंडळीनं काय करावं

१. आधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा आणि जागा नेमक्या कुठल्या ट्रस्टच्या नावावर आहे ते बघा. पुढचं सगळं त्यावर आहे.
२. ट्रस्ट महाराष्ट्रात नोंदलेला असेल तर धर्मादाय कार्यालयातून त्याच्या नोंदवहीचा, म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा घ्या. त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता दिसते. उताऱ्यावरच्या विश्वस्तांतले किती जण हयात आहेत, तेही बघा.
३. जागा विक्रीची जाहिरात किंवा नोटीस दिसली तर तोंडी ओरडून उपयोग नाही. मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या.
४. कारभारात गडबड वाटली तर हितसंबंध असलेल्या दोन किंवा जास्त व्यक्ती आयुक्तांची लेखी संमती घेऊन कलम ५० खाली दावा लावू शकतात. त्याआधी वकिलाला कागद दाखवा.
५. निवडणुकीच्या वेळी नुसतं घराणं आणि भाषण बघू नका. कागद वाचणारा, हिशेब विचारणारा आणि एकटा पडला तरी नाही म्हणणारा माणूस पाठवा. मग तो बाई असो की बाप्या, शिक्षक असो की शेतकरी.

दफनभूमीची जागा एकदा गेली की परत मिळवणं फार अवघड असतं. त्यामुळं उतारा आत्ताच काढून कमिटीच्या दप्तरात लावून ठेवा आणि दरवर्षी मार्चनंतर नवा काढून जुन्याशी ताडून बघा.